वाफ गिळणारे इंजिन

डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली गाडी बैल ओढत होते, हे आपल्या वडोदऱ्यातल्या जुन्या मंडळींनी ऐकलेले असते. त्याच सुमारास, १० जानेवारी १८६३ रोजी, लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. विजेवर चालणारी गाडी तेव्हा नव्हती. बोगद्यातही वाफेचेच इंजिन!

अभियंते जॉन फाउलर यांनी आधी तापलेल्या विटांच्या उष्णतेवर चालणारे इंजिन करून पाहिले, ते फसले. दुसऱ्या कंपनीची इंजिने घेतली, तर सात महिन्यांत भांडण होऊन तीही गेली. अखेर १८६४ मध्ये मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्याने अठरा टँक इंजिने दिली. टँक इंजिन म्हणजे मागे वेगळा टेंडर नाही, पाणी इंजिनावरच्याच टाक्यांत. थांबत-थांबत जाणाऱ्या लोकलला हे सोयीचे.

खरी युक्ती पुढे आहे. एरवी सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर जाते. बोगद्यात शिरताना ड्रायव्हर झडप फिरवी आणि ती वाफ जाड नळ्यांतून बाजूच्या टाक्यांतल्या गार पाण्यात जाई, तिथेच तिचे पाणी होई. पण वाफेच्या झोताने विस्तवाला मिळणारी ओढ त्यामुळे बंद पडे. शिवाय टाकीतले पाणी तापत जाई, मग वाफ नीट निवत नसे. यंत्रशास्त्रात पदविका घेतलेल्या माझ्यासारख्याला ही जुळवाजुळव फार आवडते. मात्र तिने वाफ गिळली, धूर नाही.

तो धूर गिळत होती माणसे. सुरुवातीला ड्रायव्हर-फायरमनच्या डोक्यावर छप्परही नव्हते, समोर फक्त पत्र्याचा आडोसा. प्रवासी निदान काही मिनिटांत वर येत. यांची सगळी पाळी तिथेच. १८९७ मध्ये सरकारी समिती बसली. तिच्यापुढे कंपनीच्या बाजूने असेही सांगण्यात आले की हा धूर दम्याला गुणकारी आहे! समित्यांपुढे काय-काय सांगितले जाते, हे आम्हा सरकारी नोकरांना नवीन नाही.

१९०५ मध्ये वीज आली. बहुतेक इंजिने मोडीत निघाली. १८६६ सालचे २३ क्रमांकाचे इंजिन मात्र १९४८ पर्यंत कामावर होते. आज ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील वाहतूक संग्रहालयात उभे आहे. सिलिंडरपासून टाकीकडे गेलेली ती जाड नळी त्याच्यावर आजही दिसते.