ब्लिदाच्या इस्पितळातील दोन वॉर्ड

अत्याचार झाला की आपले कार्यकर्ते धावतात. फिर्याद, पंचनामा, जातीचा दाखला, नुकसानभरपाईचा अर्ज. किती घरे जळाली, किती जणांना मार बसला, हे कागदावर येते. जी बाई त्यानंतर महिनोन्‌महिने झोपलेली नसते, दारावर थाप पडली की जे पोर कोपऱ्यात जाऊन बसते, त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. मनाचे दुखणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपणही म्हणून जातो. असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी फ्रांझ फॅननचे नाव ऐकलेले असते, पण क्रांतीचा भाष्यकार म्हणून. तो पेशाने मनोविकारांचा डॉक्टर होता, हे मागे पडते.

फॅनन १९२५ साली मार्टिनिक बेटावर जन्मला. फ्रान्सच्या बाजूने दुसऱ्या महायुद्धात लढला आणि पुढे लियाँ येथे वैद्यक शिकला. स्पेनच्या यादवीतून परागंदा झालेल्या तोस्केल या डॉक्टराच्या हाताखाली काम करताना त्याला नवी दृष्टी मिळाली. रुग्णाला कोंडून ठेवायचे नाही, इस्पितळातच माणसांचा समाज उभा करायचा.

१९५३ च्या अखेरीस तो अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. या देशावर १८३० पासून फ्रेंचांचा अंमल होता. तेथील नामांकित मनोविकारतज्ज्ञ पोरो आणि त्याचे शिष्य शिकवीत की, अल्जीरियन माणूस जन्मतःच खोटारडा, हिंसक आणि अप्रगत मेंदूचा. आपल्याकडे जे काम मनूने केले, ते तिथे मेंदूचे शास्त्र करीत होते!

फॅननकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष सोपविले होते. स्त्रियांच्या वॉर्डात त्याने सभा भरविल्या, सण साजरे केले, चित्रपट दाखविले, वार्तापत्र सुरू केले. वॉर्ड जिवंत झाला. तेच प्रयोग त्याने पुरुषांच्या वॉर्डात केले आणि ते साफ फसले. कोणी बोलेना, कोणी येईना. पोरोच्या शिष्यांना हा पुरावाच वाटला असता. फॅननने मात्र दोष स्वतःकडे घेतला. १९५४ साली सहकारी आझुले याच्यासह लिहिलेल्या लेखात त्याने कबूल केले की, आपण युरोपचा साचा या माणसांवर लादत होतो. त्याला स्वतःला अरबी येत नव्हते, मधे दुभाषा लागे. ज्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना वार्तापत्र कशाला? मग वॉर्डात त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह निघाले, मुसलमानी सण होऊ लागले, गोष्टी सांगणारा येऊ लागला. माणसे बोलू लागली.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या वस्तीत उद्या कोणी मानसोपचाराचे केंद्र काढले आणि तिथला डॉक्टर आमच्या भाषेला हसला, आडनाव विचारून मग खुर्ची दाखवू लागला, तर आमची माणसे गप्पच राहतील.

नोव्हेंबर १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले. छळ झालेले आणि छळ करणारे असे दोघेही त्याच इस्पितळात येऊ लागले. एके दिवशी उपचारासाठी आलेल्या एका गोऱ्या पोलिसाला आवारात एक अल्जीरियन रुग्ण दिसला. त्याने स्वतःच त्याचा छळ केला होता. पोलीस घामाघूम होऊन कोसळला. रुग्ण नाहीसा झाला. शोधाशोध केल्यावर तो संडासात सापडला. पोलीस आपल्याला न्यायलाच आला आहे असे वाटून तो जीव द्यायला निघाला होता. तुला भास झाला, पोलीस इथे येऊच शकत नाहीत, अशी त्याची समजूत घालावी लागली. ज्याने खरे ओळखले होते, त्यालाच बरे करण्यासाठी खोटे पटवावे लागले.

दुसरा एक पोलीस अधिकारी घरी बायकोमुलांनाही मारू लागला होता. त्याची मागणी सरळ होती. काम सोडायचे नाही, पण मन शांत ठेवून छळ करता यावा एवढे औषध द्या. उपचार कोणाच्या कामी येतो, हा प्रश्न याहून उघडा कुठे पडेल?

१९५६ साली, आपल्याकडे नागपूरला धर्मांतर झाले त्याच वर्षी, फॅननने राजीनामा लिहिला. मनोविकारशास्त्राने माणसाचे भोवतालाशी नाते जुळवायचे असते, आणि इथे अरब माणूस आपल्याच देशात परका केला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. सरकारने त्याला हद्दपार केले. म्हणून त्याने उपचार सोडले नाहीत. ट्यूनिसला त्याने दिवसा उपचार घेऊन रात्री घरी जाता येईल असा विभाग चालविला. १९६१ च्या डिसेंबरात रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर विकाराला आपल्या यादीत जागा दिली.

मृत्यूच्या वर्षीच निघालेल्या पुस्तकात त्याने एका टॅक्सीचालकाची हकीकत दिली आहे. तो लढ्यात भूमिगत झाला. त्याचा पत्ता न सांगणाऱ्या त्याच्या पत्नीवर फ्रेंच सैनिकांनी बलात्कार केला. मला विसरून जा, असा तिने निरोप पाठविला. त्याची झोप गेली, डोके ठणकू लागले, पौरुष गेले. एकदा त्याने लेकीचा फोटो फाडून टाकला. डॉक्टरांशी बोलता बोलता त्याला कळत गेले की तिने सोसले ते त्याला आणि साथीदारांना वाचविण्यासाठी. बलात्कार झालेल्या बायकांचे अश्रू पुसणारे शेतकरीही त्याने पाहिले होते. शेवटी तो म्हणाला की, तिला परत घरात आणायचे ठरविले आहे. पण ती समोर आल्यावर आपण कसे वागू, हे अजून सांगता येत नाही. फॅननने ते तसेच लिहून ठेवले.