देवाच्या पैशाचा कडबा

श्रीमहादेवाच्या कृपेने व गावकरी, मुंबई-पुणेकर चाकरमानी आणि माहेरवाशिणी यांच्या उदार देणगीने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. या प्रसंगी मंदिराचा इतिहास लिहावा अशी समितीने आज्ञा केली. शिलालेख वा ताम्रपट आपल्याकडे नाही. तेव्हा जो इतिहास मी डोळ्यांनी पाहिला, तोच लिहितो. माझ्या सर्व आठवणींत मला ती आठवण अधिक प्रिय आहे.

आपला सभामंडप इतकी वर्षे पत्र्याचाच का राहिला, असे तरुण मंडळी विचारतात. त्याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळात आहे.

त्याआधीची दोन वर्षेही पाऊस बेताचाच झाला होता. १९७२ साली तर त्याने पाठच फिरवली. राज्यभर सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. ज्यांच्या घरी चार-चार बैल, तेही बायकापोरांसह खडीवर बसले. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळे व कामावर सुकडी वाटत. या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. वि. स. पागे यांचे नाव त्या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे.

माणसे कशीबशी जगली. प्रश्न जनावरांचा होता. वैरण संपली. बाजारात बैलांना मातीमोल भाव आला. दावणीचा बैल गेला तर पाऊस आल्यावर पेरायचे कशाने?

त्या वेळी सभामंडपासाठी साठवलेली वर्गणी माझ्या वडिलांकडे ठेवलेली होती. एके रात्री देवळाच्या ओट्यावर गाव बसले. मी बारा वर्षांचा. कंदील धरून वडिलांजवळ उभा होतो. देवाच्या पैशाने कडबा आणावा असे कोणी म्हणाले, तसा गलका झाला. देवाचे द्रव्य खाल्ले तर गावाचे वाटोळे होईल, असे काहींचे म्हणणे पडले. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांचा सूर आजही कानात आहे. “देवापुढचा नंदी दगडाचा हाय, त्याला वैरण लागत न्हाई. आपल्या दावणीचा नंदी जित्ता हाय. तो मेल्यावर देवाला तरी कोण इचारतंय?” सगळे गप्प झाले. कडबा आणायचे ठरले.

बाहेरगावाहून ट्रकने कडबा आला. ज्याच्याकडे बैलजोडी होती त्याला मोजून पेंढ्या दिल्या. वडिलांनी प्रत्येक पेंढी चोपडीत लिहिली. मात्र आमच्या घरचे नाव त्यात लिहिले नाही. हिशेब ज्याच्या हाती त्याने त्यातले घेऊ नये, असे ते म्हणाले. पुढच्या आठवड्याला आमची जोडी बाजारात गेली. आई दोन दिवस जेवली नाही.

१९७३ साली पाऊस झाला. वाफसा आला, पण आमच्याकडे बैल नव्हते. एका पहाटे घुंगरांचा आवाज आला म्हणून बाहेर आलो, तो पाच जोड्या आमच्या रानाकडे चाललेल्या! बोलावणे नव्हते, ठरवणे नव्हते. देवाच्या कडब्यावर जगलेल्या बैलांची ती इर्जिक होती. आधी आमचे रान पेरले, मग ते आपापल्या रानाकडे गेले. वडिलांना मी रडताना पाहिले ते त्या एकाच दिवशी, बांधावर.

वर्गणीची फेड ज्याला जमली त्याने केली. काहींना जमली नाही; कर्जानेच ते वाकले होते. मंडप मात्र राहिला. पुढे काही वर्षांनी, पंचांनी पैसे खाल्ले, अशी कुजबूज सुरू झाली. वडिलांनी कधी उत्तर दिले नाही. चोपडी दाखवली तर ज्यांची फेड राहिली त्यांची अब्रू जाईल, एवढेच ते म्हणत. तो बोल सोसूनच ते गेले.

जीर्णोद्धाराच्या वेळी मी ती चोपडी समितीपुढे ठेवली. एकूण खर्च व कडब्याचा आकडा समितीने तपासला. जमाखर्च पै न् पै जुळला. कोणाकडे किती राहिले ते पान मी कोणाला वाचू दिलेले नाही, व देणारही नाही. त्या घरांतल्या मुलांनी या वेळी हात सैल सोडून देणगी दिली आहे. ती फेड होय की भक्ती, हे श्री जाणे.

आठवण जपायची कशाला, असे कोणी विचारील. आठवण बुजली की तिच्या जागी कुजबूज उगवते, हे मी घरात भोगले आहे. म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती की, आपल्याजवळ असेल ते नातवंडांना सांगावे.

नवा मंडप आर.सी.सी.चा झाला, पण जुना दगडी नंदी समितीने तसाच ठेवला, याचा फार आनंद वाटतो. दर्शनाला याल तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवा. त्याने आपला मंडप मागे ठेवून आपले बैल जगवले आहेत.

गावात असाच एकोपा नांदो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून लेखणी आवरतो.