दहा मिनिटांतली दोन मिनिटे

वेल्डिंगचा इतिहास लिहिणारे बहुधा बॉयलर, जहाजे आणि पूल यांच्या वाटेने जातात. ती वाट खोटी नाही. १८८१च्या सुमारास निकोलाय बेनार्दोसने कार्बनची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेचा आर्क पेटवून धातू जोडून दाखवला. १८८८मध्ये निकोलाय स्लाव्यानोवने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली; आर्क तिचाच आणि वितळून सांध्यात भरणारा धातूही तिचाच. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गला जहाजांच्या बॉयलरांची दुरुस्ती करायची होती. त्याने १९०४मध्ये गोथेनबर्गला कंपनी काढली आणि पुढे कांडीवर लेप चढवण्याची पद्धत आणली. १९२०मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गोदीत ‘फुलगार’ हे रिव्हेटांऐवजी संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले सागरी जहाज तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० ‘लिबर्टी’ जहाजे बांधली, तीही मुख्यतः याच तंत्राच्या जोरावर.

या साऱ्या इतिहासात यंत्र कारखान्याचे असते आणि वेल्डर पगारी असतो. मला पडलेला प्रश्न निराळा होता. हे यंत्र सामान्य माणसाच्या घरी कसे आले? आणि येताना त्याचे रूप कोणी ठरवले?

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पन्नाशी उलटल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकू लागलो. पहिले यंत्र निवडताना जुन्या-नव्या यंत्रांवरच्या पाट्या वाचण्याचा नाद लागला. त्या पाट्यांवर अँपिअर आणि व्होल्ट यांच्या शेजारी एक टक्केवारी असते, तिला ‘ड्यूटी सायकल’ म्हणतात. वीस टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत दोन मिनिटे पूर्ण प्रवाहावर काम आणि आठ मिनिटे विश्रांती. कारखान्यातल्या यंत्रावर हाच आकडा साठ किंवा त्याहून जास्त असतो. दुकानदार या वीस टक्क्यांकडे यंत्राचे वैगुण्य म्हणून पाहतात. मला मात्र घरगुती वेल्डिंगचा सगळा इतिहास त्या आकड्यात साठलेला दिसतो.

त्यासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जावे लागते. १९२९मध्ये ॲपलटन गावच्या नील्स मिलरने भंगारातले पोलाद आणि हाताने गुंडाळलेल्या तारांची वेटोळी वापरून एक छोटे आर्क-वेल्डिंग यंत्र घराच्या तळघरात बनवले. मोठी यंत्रे तेव्हा बाजारात होती, पण खेड्यात येणाऱ्या तुटपुंज्या विजेवर ती चालत नसत. ‘चांगल्या जोडाला किती वीज लागते’ हा कारखान्याचा प्रश्न बाजूला ठेवून ‘आहे त्या विजेत किती जोडता येईल’ हा शेतकऱ्याचा प्रश्न मिलरने हाती घेतला. त्यातून उभी राहिलेली कंपनी आजही वेल्डिंग यंत्रांच्या धंद्यात आहे.

त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक शेतांवर वीजच नव्हती. १९३५मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे सरकारी काम सुरू झाले तेव्हा दहांपैकी जेमतेम एका शेतावर दिवा लागत होता. १९५०च्या दशकाच्या आरंभी हे प्रमाण दहांत नऊवर गेले. पण ती वीज लांबच लांब तारांवरून, लहान ट्रान्सफॉर्मरमधून येई. एकाने मोठे वेल्डिंग यंत्र लावले तर आसपासचे दिवे मंदावत. म्हणून शेतावरच्या यंत्रांनी ओढायच्या प्रवाहावर मर्यादा आली. लिंकन कंपनीचे पुढे घरोघर पोचलेले यंत्र २२५ अँपिअरचे, वीस टक्क्यांचे. त्याच्या आकारामुळे लोक त्याला ‘थडग्याचा दगड’ म्हणत. पूर्ण भारावर ते २३० व्होल्टवर ५० अँपिअर ओढते.

आता शेतकऱ्याचे काम आठवून पाहा. नांगराचा तुटलेला भाग घासायचा, शिकंजात बसवायचा, एक कांडी जाळायची, खपली ठोकून काढायची, वाकून पाहायचे, पुन्हा बसवायचे. दहा मिनिटांत प्रत्यक्ष आर्क पेटलेला असतो तो फार तर दोन मिनिटे. उरलेला वेळ हाताचा आणि डोळ्याचा. पाळीवर राबणाऱ्या मजुराला लागणारे यंत्र त्याला नकोच होते. तांबे कमी, वजन कमी, किंमत कमी, आणि काम तेवढेच. वीस टक्के हा घरी काम करणाऱ्याच्या लयीचा आकडा आहे.

यावर आक्षेप घेता येईल की हा सगळा कंपन्यांच्या विक्रीचा खेळ होता. कंपन्यांना माल विकायचा होता हे उघडच आहे. पण यंत्राचे मूळ माप त्यांनी मनाने काढलेले नव्हते. ते गावच्या तारेने आणि शेतकऱ्याच्या खिशाने काढून दिले होते.

यंत्राइतकीच कांडीही महत्त्वाची. स्वस्त ट्रान्सफॉर्मर यंत्र प्रत्यावर्ती प्रवाह देते. अमेरिकेत हा प्रवाह सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो, आपल्याकडे १०० वेळा. प्रत्येक वेळी आर्क विझू पाहतो. कांडीच्या लेपातले टायटॅनियम डायऑक्साइड आणि पोटॅशियमची संयुगे त्याला पुन्हा पेटायला मदत करतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणारी ‘६०१३’ कांडी याच कुळातली. आकड्यातले ‘६०’ म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. ‘१’ म्हणजे सपाट, उभ्या, डोक्यावरच्या कोणत्याही स्थितीत चालणारी. शेवटचा ‘३’ लेपाचा प्रकार सांगतो. गरिबाच्या यंत्राची उणीव अशी लेपाने भरून काढली.

आणि शिकवले कोणी? अमेरिकेत १९१७च्या कायद्याने माध्यमिक शाळांतल्या शेतीशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला होता. त्या वर्गांच्या कार्यशाळांत पुढे वेल्डिंग आले. महायुद्धात नव्या शेतीयंत्रांच्या उत्पादनावर सरकारने मर्यादा घातल्या, तेव्हा जुने यंत्र चालू ठेवणे ही गरज झाली. शाळेत शिकलेला मुलगा घरच्या गोठ्याशेजारी दुरुस्ती करू लागला.

महाराष्ट्रात या गोष्टीने वेगळे वळण घेतले. आपल्या गावाला धातू जोडणे नवे नव्हते. लोहार दोन तुकडे भात्यावर पांढरे होईतो तापवून, टाकणखार टाकून ऐरणीवर एकजीव करी आणि बलुत्याचे धान्य घेई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. पण ओतीव लोखंड घणाखाली जुळत नाही, तडकते. भाग मोडला की तो बदलावा लागे. नांगर सुधारला, पण दुरुस्ती शिवाराबाहेर गेली. हे नुकसान कोणी हिशेबात धरले नाही.

ती दुरुस्ती परत आली विजेबरोबर. १९५१मध्ये स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली आणि कांड्या देशात बनू लागल्या. १९५०पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये वेल्डर हा व्यवसाय शिकवला जाऊ लागला. पण मी हिंडलो त्या गावांत यंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यात गेलेले नाही. ते नाक्यावरच्या दुकानात बसले. तेलात बुडवलेला जड ट्रान्सफॉर्मर, दोन फेजांवर जोडलेला. तशी जोडणी घरोघरी नव्हती आणि यंत्राची किंमतही परवडणारी नव्हती. शेतपंपाच्या तारेवर तीन फेज काही तासच येते, गावठाणात बहुधा सिंगल फेज. पेरणीच्या आठवड्यात मोडलेले पाभराचे फण घेऊन नाक्यावर रांग लागे. विस्कॉन्सिनमध्ये विजेने यंत्र लहान केले. आपल्याकडे विजेने ते दुकानात कोंडले. पोरे शिकली तीही दुकानातच, उस्तादाच्या हाताखाली, पुष्कळदा नुसता काळा चष्मा लावून. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे, मग बटाट्याचे काप ठेवून झोपायचे.

ही कोंडी इन्व्हर्टरने फोडली. फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७मध्ये पहिले इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र बाजारात आणले. येणारी वीज आधी एकदिश करायची, मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ट्रान्सफॉर्मरमधून पाठवायची. कंपने वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो. ज्याला उचलायला दोन माणसे लागत, ते यंत्र आता पाच-सात किलोंत, खांद्याला अडकवून, सिंगल फेजवर चालते.

म्हणून पहिले यंत्र घेणाऱ्याला मी मिलरचाच प्रश्न विचारायला सांगतो. आधी घराचा मीटर आणि आतली वायर पाहा, मग यंत्र. २.५ मिलिमीटरच्या कांडीला साधारण ८० अँपिअर लागतात, आर्कपाशी सुमारे २३ व्होल्ट. म्हणजे १,८०० वॅटच्या आसपास. यंत्रातली गळती धरली तरी नीट टाकलेल्या जाड वायरीच्या, वेगळ्या एमसीबीच्या सॉकेटवर हे काम होते. झाकणावर छापलेला मोठा अँपिअरचा आकडा पाहून भुलू नये. त्या प्रवाहावर ड्यूटी सायकल किती, ते विचारावे. ती छापलेलीच नसेल तर यंत्र ठेवून द्यावे.

शिकायला चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घ्याव्यात. कांडी आणि लोखंड यांतले अंतर कांडीच्या जाडीएवढे राहिले की कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो; आवाज फुटू लागला की अंतर वाढले. दहा किंवा अकरा नंबरच्या काचेचे हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि अंगभर सुती कपडे यांत तडजोड नको. जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा जोडू नये. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

आज यंत्र पुन्हा घरी आले आहे. पण अमेरिकेतल्या शेतकऱ्याला यंत्राबरोबर शाळेची कार्यशाळाही मिळाली होती. आपल्याकडे यंत्र दुकानातून येते आणि शिक्षण ज्याचे त्याने शोधायचे असते. तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा रविवारी शेतकऱ्यांना, बायकांना, माझ्यासारख्या उशिरा शिकणाऱ्यांना उघडली, तर पाच किलोंच्या या यंत्राचे चीज होईल. नाहीतर पेरणीच्या आठवड्यात यंत्र माळ्यावर असेल आणि फण घेऊन माणूस नाक्यावरच्या रांगेत.