समीकरणातून निसटलेले वजन

वर्तुळाकार गतीचे प्रकरण शिकवताना आपण फळ्यावर एक गणित हमखास सोडवतो. सपाट रस्त्यावरच्या वळणातून जाणाऱ्या वाहनाला केंद्राभिमुख बल लागते. ते म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते आणि घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण. दोन्ही बाजूंचे वस्तुमान खोडले की उत्तर मिळते: वळणावरचा कमाल सुरक्षित वेग वाहनाच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल याचे गणित केले तरी वस्तुमान तसेच खोडले जाते. एखादा चौकस विद्यार्थी अशा वेळी विचारतो, "मग मोटारसायकल हलकी करण्यासाठी कंपन्या एवढा खर्च का करतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मोटारसायकलींच्या इतिहासात फार चांगले सापडते, विशेषतः ज्यांना 'स्पोर्ट-टूरिंग' म्हणतात त्या गाड्यांच्या इतिहासात. दोन माणसे आणि सामान घेऊन हजार-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करायचा आणि वाटेतल्या घाटवळणांवर शर्यतीच्या गाडीसारखे चपळ राहायचे, अशी या गाड्यांकडून अपेक्षा असते. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत, आणि वैराचे मूळ आहे वजन.

इटलीच्या उत्तरेला कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. तेथे १९२१ पासून मोतो गुझ्झी ही कंपनी मोटारसायकली बनवते. संस्थापकांपैकी कार्लो गुझ्झी हा यंत्रज्ञ. त्याचा भाऊ ज्युसेप्पे याने मागच्या चाकालाही स्प्रिंगा असलेला सांगाडा तयार केला. अशी गाडी वळणावर डोलेल, धोक्याची ठरेल, असे त्या काळी बहुतेकांचे मत होते. वाद घालण्याऐवजी ज्युसेप्पे १९२८ साली ती गाडी घेऊन निघाला आणि युरोपच्या उत्तर टोकाकडे, ध्रुववृत्ताच्या पलीकडे जाऊन आला. गाडीचे नाव पडले 'नोर्गे', म्हणजे नॉर्वे. लांब पल्ल्याचा प्रवास ही यंत्राची कसोटी आहे, ही कल्पना या कंपनीत इतकी जुनी आहे.

परंतु हलकेपणाचे खरे श्रेय ज्युलिओ चेझारे कारकानो या अभियंत्याला द्यावे लागते. १९५० च्या दशकात ३५० घनसेंटिमीटर गटाच्या जागतिक शर्यतींत एमव्ही अगुस्ता आणि गिलेरा या इटलीतल्याच कंपन्या चार सिलिंडरची इंजिने आणीत होत्या. सिलिंडर जितके अधिक, तितका प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका; तो अधिक वेगाने वरखाली करता येतो आणि तेवढ्याच घनफळातून शक्ती जास्त मिळते. कारकानोने मात्र एकच, तोही आडवा सिलिंडर कायम ठेवला. १९५७ साली त्याच्या ३५० च्या इंजिनाची शक्ती ३८ अश्वशक्तीच्या आसपास होती. चार सिलिंडरवाल्यांच्या तुलनेत कमीच. पण त्या गाडीचे वजन होते सुमारे ९८ किलो. आणि निकाल? १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षे या गटाचे जागतिक अजिंक्यपद गुझ्झीच्या स्वाराकडे गेले: दोनदा फर्गस अँडरसन, दोनदा बिल लोमस आणि शेवटी ऑस्ट्रेलियाचा कीथ कँपबेल.

कमी शक्तीची गाडी जिंकली कशी, याच्या स्पष्टीकरणाचा अर्धा भाग वजनाचा आहे आणि अर्धा हवेचा. सपाट रस्त्यावर एकसारख्या मोठ्या वेगाने जाताना इंजिनाची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ, शक्ती २५ टक्क्यांनी वाढवली तर कमाल वेग जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. हवेचा विरोध एक पंचमांशाने कमी केला तरी नेमका तेवढाच फायदा होतो. आडव्या सिलिंडरची गाडी बसकी आणि अरुंद; तिच्यावर पुढचे चाक झाकून टाकणारे कवच चढवले की समोरून येणाऱ्या हवेला अडथळा अगदी थोडा. गुझ्झीने तर अख्खी मोटारसायकल स्वारासकट मावेल असा वातबोगदा कारखान्याच्या आवारातच बांधला. म्हणजे सरळ रस्त्यावर बसकेपणाने शक्तीची उणीव भरून काढली, आणि वळणातून बाहेर पडताना पुन्हा वेग घेण्यात हलकेपणाने आघाडी मिळवून दिली. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, आणि येथे मात्र वस्तुमान खोडायला दुसऱ्या बाजूला काही नसते.

याच कारकानोने ५०० च्या गटासाठी १९५५ साली आठ सिलिंडरचे इंजिन बनवले, हे वाचून आश्चर्य वाटते. मला वाटते तो हटवादी नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. मोंझा किंवा स्पा अशा वेगवान रस्त्यांवर ५०० च्या गटात एकट्या सिलिंडरचा निभाव लागत नव्हता. ही आठ सिलिंडरची गाडी मिनिटाला १२ हजार फेरे घेई आणि ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास पोचे. तरीही जागतिक अजिंक्यपदाची एकही शर्यत तिला जिंकता आली नाही; काही ना काही मोडत राही. १९५७ च्या अखेरीस गुझ्झी, गिलेरा आणि मोंदियाल या तिघांनी खर्चाला कंटाळून शर्यती सोडल्या आणि चाक झाकणाऱ्या कवचांवरही बंदी आली.

पुढचा अध्याय थोडा विसंगत आहे. कंपनीला पोलिसांसाठी आणि सैन्यासाठी दणकट गाडी हवी होती. तिच्यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर असलेले इंजिन कारकानोनेच रचले. १९६७ साली विक्रीला आलेली ही 'व्ही-७' होती सव्वादोनशे किलोंच्याही वरची. हलकेपणाच्या उपासकाचे शेवटचे मोटारसायकल-इंजिन एका जडशीळ गाडीत जाऊन बसले. तो स्वतः तोवर कंपनी सोडून गेला होता. पुढे त्याने शिडाच्या होड्या रचल्या. तेथेही वजनाचा आणि विरोधाचाच हिशेब असतो.

त्याच्या जागी आलेल्या लीनो तोंतीला सांगण्यात आले, की याच इंजिनाची अशी गाडी कर, जिचे वजन २०० किलोंच्या आत आणि वेग ताशी २०० किलोमीटर असेल. तोंतीने इंजिनाच्या माथ्यावर दोन सिलिंडरांच्या मध्ये बसवलेला डायनॅमो पाहिला. तो पट्ट्याने फिरत असे, आणि त्याच्या उंचीमुळे सांगाड्याच्या नळ्या वरून न्याव्या लागत. त्याने डायनॅमो काढला आणि त्याऐवजी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर अल्टरनेटर बसवला. आता सांगाड्याच्या वरच्या नळ्या सिलिंडरांच्या मधून सरळ जाऊ शकल्या. गाडी बसकी झाली आणि नळ्या आखूड व सरळ असल्याने सांगाडा हलका असूनही ताठ राहिला. १९७१ ची 'व्ही-७ स्पोर्ट' ती हीच. कंपनीच्या पत्रकात वजन २०६ किलो लिहिले आहे, म्हणजे उद्दिष्ट थोडक्यात हुकले. शिवाय हे 'कोरडे' वजन आहे. पेट्रोल वगैरे न भरता केलेल्या या मोजणीची प्रथा ग्राहकाची दिशाभूल करणारीच म्हटली पाहिजे, कारण कोरडी गाडी कोणी चालवत नाही.

१९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने 'आर १०० आरएस' आणली. सांगाड्याला पक्के बसवलेले, स्वाराला पूर्ण आडोसा देणारे कवच तिच्यावर कारखान्यातूनच येई, आणि त्याचा आकार तुरीनजवळच्या पिनिनफरिना कंपनीच्या वातबोगद्यात ठरवला होता. ७० अश्वशक्तीवर ती दिवसभर वेगाने पळे आणि उतरल्यावर स्वाराच्या मनगटांना व मानेला रग लागलेली नसे. स्पोर्ट-टूरिंग हा प्रकार येथून रूढ झाला असे म्हणायला हरकत नाही.

आणि मग वजन वाढत गेले. कोणी ते मुद्दाम वाढवले नाही. प्रत्येक भर घालताना एक चांगले कारण होते. साखळीला तेल द्यायचा त्रास नको म्हणून शाफ्ट आला. थरथर कमी व्हावी म्हणून चार सिलिंडर आले. ते तापू नयेत म्हणून पाणी आणि रेडिएटर. वारंवार थांबावे लागू नये म्हणून मोठी टाकी. १९९० च्या होंडा 'एसटी ११००' ची टाकी २८ लिटरची होती, म्हणजे नुसते पेट्रोलच सुमारे २१ किलो. भरलेली गाडी तीनशे किलोंच्या जवळपास जाई. यात एक दुष्टचक्र आहे. वजन वाढले की मोठे ब्रेक लागतात, रुंद टायर लागतात, जाड सांगाडा लागतो. मग तेवढेच त्वरण मिळवायला मोठे इंजिन, आणि त्याला पाजायला आणखी मोठी टाकी.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. इटलीतल्या आल्प्स पर्वतात स्टेल्व्हिओ नावाची २७५७ मीटर उंचीची खिंड आहे. मोटारसायकलवाल्यांचे ते पंढरपूरच. उत्तरेकडच्या बाजूने उतरताना ४८ तीव्र वळणे लागतात आणि प्रातो गावापर्यंत सुमारे १८४० मीटर उंची कमी होते. स्वार, मागे बसलेली व्यक्ती आणि सामान धरून एका गाडीचे एकूण वस्तुमान ४०० किलो आणि दुसरीचे ३०० किलो धरू. उतरताना पहिलीच्या स्थितिज ऊर्जेतली घट सुमारे ७२ लाख ज्यूल, दुसरीची ५४ लाख. हवेने आणि इंजिनाने घेतलेला वाटा सोडला तर ही सारी ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जाते. सगळीच तेथे गेली असे समजा: पहिल्या गाडीच्या ब्रेकनी २० अंशांचे सुमारे २१ लिटर पाणी उकळीपर्यंत आणले असते, दुसरीच्या १६ लिटर. थांबण्याच्या अंतराच्या सूत्रात वस्तुमान दिसत नाही खरे. पण त्या सूत्रात ब्रेक किती तापतील हेही कुठे दिसते? शिवाय खऱ्या टायरचा घर्षणांक भार वाढल्यावर किंचित कमी होतो. म्हणजे आपण जे खोडतो, तेही पूर्ण खोडले जात नाही.

वळणाचे तसेच. एकाच वळणात स्थिर वेगाने राहायचे तर वस्तुमान गौण; पण डावीकडून उजवीकडे कलायचे तर गाडीला स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरवावे लागते, आणि तेथे जडत्व-आघूर्ण आडवे येते. वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. मीटरपट्टीच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या बांधा आणि पट्टी मधोमध धरून झटझट उलटसुलट फिरवा. मग त्याच बाटल्या हाताजवळ सरकवून पुन्हा करा. वजन तेच, पण मनगटाला फरक लगेच कळतो. मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या सामानाच्या पेट्या म्हणजे टोकाच्या बाटल्या.

परंतु वजन सर्वांत जास्त जाणवते ते गाडी उभी असताना. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंच धरा. ३०० किलोंची गाडी १० अंशांनी कलली, तर शेजारी उभे राहून ती तेवढ्यावरच तोलून धरायला हँडलवर सुमारे २६ किलोंइतके बल लागते. २० अंशांवर ५१ किलोंइतके. २०० किलोंच्या गाडीला हेच आकडे १७ आणि ३४. आपल्याकडे बुलेट ढकलत पेट्रोल पंपापर्यंत नेलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गाडी चुकून १० अंश कलली तर सावरता येते. २० अंशांवर बहुतेकांचे हात सुटतात. 'एसटी ११००' च्या रचनाकारांनाही याची पूर्ण जाणीव होती, कारण त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना, गाडी आडवी पडलीच तर कवच वाचावे म्हणून, आधारकड्या आधीच बसवून ठेवल्या होत्या. मध्यम वयात लांबच्या प्रवासाची हौस लागलेले अनेक स्वार हलक्या गाडीकडे वळतात, ते ताशी दोनशेच्या वेगासाठी नव्हे. खडीच्या उतारावर गाडी वळवून उभी करता यावी, एवढ्यासाठी.

सारेच वाढीव वजन टाकाऊ असते असे मात्र नाही. १९८८ साली बीएमडब्ल्यूने मोटारसायकलीवर चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे एबीएस, आणली तेव्हा तिचे वजन सुमारे ११ किलो होते. ते ११ किलो घेणेच शहाणपणाचे होते. इलेक्ट्रॉनिक्स सुधारत गेले तसे या यंत्रणेचे मुख्य एकक एक किलोच्याही आत आले.

हलकेपणाची वाट पुन्हा धरणाऱ्या गाड्यांत २००६ ची बीएमडब्ल्यू 'एफ ८०० एसटी' मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तिच्यात चारऐवजी दोन सिलिंडर होते, ७९८ घनसेंटिमीटरचे. जड शाफ्टऐवजी दातेरी पट्टा. त्याला तेल लागत नाही आणि मागच्या चाकाशी, स्प्रिंगांच्या खाली लोंबणारे वजनही कमी होते. टाकी १६ लिटरचीच, आणि तीही आसनाखाली, म्हणजे भरलेले पेट्रोल गुरुत्वमध्य वर चढवत नाही. पेट्रोल भरून वजन २०९ किलो, शक्ती ८५ अश्वशक्ती. २०१३ साली तिची जागा 'एफ ८०० जीटी' ने घेतली. शक्ती पाच अश्वशक्तींनी वाढली होती, आणि वजन २१३ किलो झाले होते.