खिशातले टपाल

समजा, पोस्टमन तुमच्या दारात आला आणि म्हणाला, "पत्र आहे तुमचं. पण ते मी हातात देणार नाही. चारचार ओळी दाखवीन, आणि संपेपर्यंत दर मिनिटाला पैसे घेईन. पाकीट उघडायला मला वेळ लागला, तर तोही तुमच्याच हिशेबात!" तुम्ही त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवाल. पण १९९९-२००० च्या सुमारास युरोपात ज्यांनी मोबाइलवर ई-मेल वाचून पाहिली, त्यांच्या वाट्याला थोडेफार असेच टपाल आले होते.

१९९९ साली नोकियाचा ७११० हा फोन निघाला. 'वॅप' नावाच्या पद्धतीने इंटरनेटवरचा मजकूर दाखवणाऱ्या अगदी पहिल्या फोनांपैकी हा एक. त्याचा पडदा आडवा ९६ ठिपके आणि उभा ६५. म्हणजे एका वेळी चारपाच ओळी दिसणार. मजकूर आणायचा तर फोन आधी एक नंबर लावी. जोडणी होईपर्यंत थांबा, मग मजकूर येईपर्यंत थांबा. वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे फार तर १,२०० इंग्रजी अक्षरे. हा सारा वेळ बहुतेक ठिकाणी साध्या कॉलप्रमाणे मिनिटांवर मोजला जाई. वाचता वाचता जरा विचार करीत बसलात, तरी मीटर आपला चालूच!

उत्तर लिहायचे म्हणजे आणखी तऱ्हा. आठ बटणांवर सव्वीस अक्षरे बसवलेली. इंग्रजी 'येस' एवढा शब्द लिहायला नऊ वेळा बटण दाबावे लागे: 'वाय'ला तीनदा, 'ई'ला दोनदा, 'एस'ला चारदा. शब्द ओळखून घेण्याची सोय काही फोनांत होती खरी. पण परवलीच्या शब्दापुढे तिचे काही चालत नसे, आणि तो तर पत्र उघडण्याआधीच द्यावा लागे.

मग दोष कोणाचा? लहान पडद्याचा, असे आपण चटकन म्हणून जातो. पण पत्राकडेही पाहा ना! १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला, तेव्हा तो नुसता मजकूर होता. १९९२ साली 'माइम'चे नियम ठरले आणि पत्राला चित्रे व कागद जोडण्याची रीत पडली. अशी जोडपत्रे साध्या अक्षरांत रूपांतरित करून धाडीत. त्यात त्यांचे आकारमान सुमारे तृतीयांशाने वाढे. १०० किलोबाइटचे छायाचित्र वाटेत १३३ किलोबाइटचे होई. वरच्या वेगाने ते उतरवायचे, तर जवळजवळ दोन मिनिटे! पत्र टेबलाच्या मापाचे, आणि नेले खिशात.

आता जपानकडे वळू. १९९९ च्याच फेब्रुवारीत तिथे एनटीटी डोकोमो कंपनीची 'आय-मोड' सेवा सुरू झाली. फोन तिथलेही लहानच. पण तिने वेळ मोजला नाही, मजकूर मोजला: १२८ बाइटांच्या एका पुडक्याला ०.३ येन. पत्राला २५० जपानी अक्षरांची मर्यादा होती. आपल्याकडच्या जुन्या तारेसारखे थोडक्यात लिहावे लागे. पण वाचणारा निवांत वाची. त्याच वर्षी कॅनडातून ब्लॅकबेरी ८५० आला. पेजरएवढे यंत्र, पण प्रत्येक अक्षराला स्वतःचे बटण. पत्र आणायला जावे लागत नसे, ते आपणहून येई. पुढे युरोपातही जीपीआरएस आले आणि मिनिटांऐवजी मजकुरावर आकार घेण्याची वाट मोकळी झाली.

मराठी माणसाची अडचण मात्र निराळी होती. फोनात देवनागरी नसली, की घरच्या पत्राच्या जागी चौकोनांची रांग दिसे. तिथे दर बदलून भागण्यासारखे नव्हते. लिपीच फोनात यायला हवी होती. ती येईपर्यंत कित्येकांनी आपली मराठी रोमन अक्षरांत लिहून वेळ निभावली.

२००७ साली आयफोन आला, पडदे मोठे झाले, आणि त्यांनीच सारे सोपे केले असा आपला समज झाला. पण पहिला दिलासा त्याआधीच, लहान पडद्यावर मिळाला होता, तो मोजणीची रीत बदलली म्हणून. तेव्हा वाचकहो, नवे यंत्र हाती आले की पडदा केवढा, हे जरूर पाहा. पण थांबण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हे त्याआधी विचारा.