गायतोंड्यांचा रंग कुठला?

वासुदेव गायतोंडे अमूर्त, म्हणून परके, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. १९२४मध्ये नागपुरात जन्मलेले, गोव्याकडच्या घरातले, गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे १९४८मध्ये जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले. त्या काळात त्यांना नाद होता लघुचित्रांचा. जैन पोथ्यांचा, बसोली शैलीचा. मग त्यांनी आकृत्या वगळल्या आणि रंगांची परस्परांशी असलेली प्रमाणं तेवढी पाहू लागले. पुढे झेन आलं, १९६४मध्ये न्यूयॉर्क आलं, रोलर आणि सुरी आली. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना नको होता. पण त्या तांबड्या-पिवळ्या पानांना विसरून त्यांची नंतरची चित्रं बघायची कशी?

नाशकात आमच्या घरी आजीची येवल्याची पैठणी आहे. एकदा ती पसरून, पदरावरचे मोर मनातून काढून पाहायचा प्रयत्न केला. क्षणभर जांभळा रंग आणि त्याला टेकलेली जर एवढंच उरलं. लगेच मोर परत आले. गायतोंड्यांना आकृती पुरती सोडायला पन्नाशीच्या दशकाची अखेर उजाडली होती.