मुक्या घोड्यांचा वकील

सख्यांनो, माझी एलएल.बी.ची पदवी लग्नापासून कपाटात साड्यांखाली पडून आहे. रिचर्ड मार्टिनबद्दल वाचलं आणि ती आठवली.

हा आयर्लंडचा. वकिली शिकलेला खासदार, द्वंद्वयुद्धांसाठी बदनाम. साधुपुरुष मुळीच नव्हे! १८२१ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेत घोड्यांसाठी कायदा मागितला. गाढवांचं नाव निघताच सभागृह खो-खो हसलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला: घोडा, खेचर, गाढव, गाय यांना निर्दयपणे मारलं तर १० शिलिंग ते ५ पौंड दंड.

पण मुक्या जिवाची फिर्याद कोण नेणार? मार्टिन स्वतःच लंडनच्या बाजारांतून फिरला आणि स्मिथफील्डला घोड्यांना झोडपणाऱ्यांना त्याने कोर्टात खेचलं. आरोपी गरीब निघाला तर कधी दंडही आपल्याच खिशातून भरला.

मी काल पदवी बाहेर काढली. कडा पिवळ्या पडल्यात.